मालवणच्या समुद्रतळाचे राखणदार: एक अभयारण्य आणि त्यात उतरणारी माणसे

१/
सिंधुदुर्ग किल्ल्याचा इतिहास सांगताना तट, बुरूज आणि आरमार यांची चर्चा होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या जलदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झाले, हे इतिहासप्रेमींना मुखोद्गत असते. त्याच तटाच्या बाहेर, अवघ्या काही मीटर पाण्याखाली, आणखी एक वस्ती आहे. ती प्रवाळांची, समुद्रपंख्यांची आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या माशांची. या वस्तीचा लिखित इतिहास जेमतेम चार-पाच दशकांचा आहे. समुद्राचा तळ कोणी पाहिला, तो राखण्याचा अधिकार कोणाला मिळाला आणि पाठीवर हवेची टाकी बांधून स्वेच्छेने खाली उतरणाऱ्यांनी त्यात काय भर घातली, याचा हा थ्रेड.

२/
नांदेड-लातूरच्या वाचकाला समुद्र परका वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यालाही इतिहास आहे. मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याने १७६६ च्या तहाने उत्तर सरकारचा किनारी प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. १७८८ मध्ये गुंटूरही गेले. पुढे १९४८ पर्यंत हैदराबाद हे चहूबाजूंनी भूवेष्टित संस्थान राहिले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. तेव्हापासून कोकणचा किनारा हा मराठवाड्याच्याही राज्याचा किनारा आहे. आज सुट्टीत मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंग करणारा लातूरचा विद्यार्थी हा या नव्या नात्याचाच वारस होय.

३/
टाकी घेऊन पाण्यात उतरण्यापूर्वी माणूस श्वास रोखून उतरत असे. मन्नारच्या आखातातील मोती काढणारे पाणबुडे शतकानुशतके याच रीतीने काम करीत आले. कोकणात तळाची ओळख वेगळ्या मार्गाने होई. जाळे कोठे अडकते, नांगर कोठे धरतो, कोणत्या खडपापाशी कोणता मासा मिळतो, हे ज्ञान गाबित समाजाच्या पिढ्यांनी हाताच्या स्पर्शाने जमवले होते. तळ डोळ्यांनी न पाहताही त्याचा नकाशा त्यांच्या मनात होता. पुढे अभयारण्याचा वाद उभा राहिला, तेव्हा या न लिहिलेल्या नकाशाची दखल घ्यायची की नाही, हाच कळीचा मुद्दा ठरला.

४/
तळ डोळ्यांनी पाहण्याचे साधन १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार झाले. नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी हवेच्या टाकीला एक अशी झडप जोडली की पाणबुड्याने श्वास घेताच, त्या खोलीवरील दाबानुसार, हवी तेवढीच हवा मिळावी. वरून हवा पुरवणारी नळी आणि जड शिरस्त्राण या दोन्ही गोष्टी अनावश्यक झाल्या. ‘स्कूबा’ हा शब्द अमेरिकन वैद्यक क्रिस्टियन लॅम्बर्टसन यांच्या नावे नोंदला जातो. स्वयंपूर्ण जलांतर्गत श्वसनसाधन असा अर्थ असलेल्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत.

५/
या साधनाचा पहिला उपयोग संवर्धनासाठी झाला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा श्वसनसाधनांकडे सर्वप्रथम सैन्याचे लक्ष गेले. १९५६ मध्ये कुस्तो आणि लुई माल यांचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा माहितीपट आला. कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान आणि ऑस्कर त्याला मिळाले आणि कोट्यवधी लोकांना समुद्रतळ प्रथमच रंगीत दिसला. मात्र त्याच चित्रपटात माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळभित्तीजवळ सुरुंग फोडला जातो आणि संतापलेले खलाशी शार्कांची कत्तल करतात. कॅमेऱ्यासमोर हे घडले, कारण तेव्हा कोणालाही ते लपवण्याजोगे वाटले नव्हते.

६/
हेच कुस्तो १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्यास उघड विरोध करताना दिसतात आणि १९७३ मध्ये समुद्ररक्षणासाठी संस्था स्थापन करतात. हा बदल एका व्यक्तीच्या सद्बुद्धीचा नव्हता. ज्या जागी ते वारंवार उतरत होते, तेथील मासे आणि प्रवाळ त्यांच्या डोळ्यांदेखत घटत गेले होते. एकदा उतरणारा पाहुणा असतो. त्याच जागी वर्षानुवर्षे उतरणारा साक्षीदार होतो. डायव्हिंगमधून स्वयंसेवा जन्मली ती या दुसऱ्या प्रकारच्या माणसांतून.

७/
पुढील दशकांत या साक्षीदारांचे संघटन झाले. १९९० मध्ये अमेरिकेत हौशी पाणबुड्यांकडून माशांच्या नोंदी जमा करणारी ‘रीफ’ ही संस्था सुरू झाली. १९९७ मध्ये ‘रीफ चेक’ने जगभरच्या प्रवाळभित्तींची पहिली एकत्रित पाहणी केली. तिची रीत साधी होती. तळावर मोजपट्टी अंथरायची, ठरलेल्या अंतरावर तिच्याखाली काय आहे ते लिहायचे आणि ठरावीक जातींचे मासे मोजायचे. शास्त्रज्ञ मोजके आणि समुद्र अफाट, म्हणून प्रशिक्षित हौशी माणसांचे डोळे उसने घेण्याची ही व्यवस्था होती. स्वयंसेवकाचे मोल त्याच्या धाडसात नव्हते. वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने केलेल्या कंटाळवाण्या नोंदीत होते.

८/
भारतात पाण्याखालच्या कामाचा पाया घातला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने. तिची स्थापना १९६६ ची. इतिहासप्रेमींना ही संस्था ठाऊक असते ती लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव यांच्यामुळे. १९८० च्या दशकात त्यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या समुद्रात पुरातत्त्वीय शोध झाला. पण याच संस्थेतील एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे नोंदवले होते. कोकणच्या गढूळ, पावसाळ्यात गोडे पाणी मिसळणाऱ्या समुद्रात प्रवाळ तग धरतात, ही नोंद महत्त्वाची होती.

९/
या शास्त्रीय आस्थेला कायद्याची जोड मिळाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. महाराष्ट्रातील हे पहिले सागरी अभयारण्य. क्षेत्र सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातील गाभा सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांभोवतालचे पाणी या गाभ्यात येते. शिवकालात ज्या बेटाने आरमाराला आश्रय दिला, त्याच बेटाच्या खडकांना तीन शतकांनंतर प्रवाळांचे आश्रयस्थान म्हणून सरकारी मान्यता मिळाली.

१०/
नकाशावर रेघ ओढली गेली. मात्र त्या रेघेच्या आत मालवण बंदर होते, रापण ओढण्याचे किनारे होते आणि शेकडो कुटुंबांची रोजची मासेमारी होती. आपल्याला विश्वासात न घेता निर्णय झाला, ही मच्छीमारांची तक्रार होती. जंगलासाठी रचलेला कायदा समुद्राला लावताना अडचण होतीच. जंगलात कुंपण घालता येते, पाण्यात मासा रेघ ओळखत नाही. ‘अभयारण्य’ या शब्दाचा मच्छीमारांनी घेतलेला अर्थ सरळ होता: आज रेघ, उद्या बंदी. विरोध तीव्र झाला आणि अभयारण्य दीर्घकाळ मुख्यतः कागदावर राहिले.

११/
हा विरोध म्हणजे निसर्गाविषयीची अनास्था, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मालवणच्या याच पारंपरिक मच्छीमारांनी मोठ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध प्रदीर्घ संघर्ष केला. थवेच्या थवे एकाच फेऱ्यात उचलणारी ही जाळी समुद्र रिकामा करतील, हा त्यांचा युक्तिवाद होता. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढला. समुद्र टिकावा ही मागणी त्यांचीही होती. समुद्र कोणासाठी आणि कोणाच्या संमतीने टिकवायचा, यावर मतभेद होता.

१२/
संमतीचा हा प्रश्न मराठी राज्यकारभाराला अपरिचित नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचे प्रकरण आहे. आंबा-फणसाचे लाकूड जहाजाला उपयोगी असले तरी रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, असा त्याचा आशय आहे. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊनच तोडावे. आरमाराची गरज तेव्हा जीवनमरणाची होती. तरीही राज्याच्या गरजेपुढे रयतेची संमती गौण मानलेली नाही. १९८७ च्या अधिसूचनेत नेमकी हीच कडी निसटली होती.

१३/
निसटलेली कडी जोडण्याचा प्रयत्न कोकणातच दुसऱ्या ठिकाणी यशस्वी झाला. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या भाऊ काटदरे यांच्या संस्थेने २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. पूर्वी अंडी गोळा करून विकली जात. संस्थेने गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार केले आणि पुढे कासव महोत्सवाच्या निमित्ताने पर्यटकांची राहण्या-जेवणाची व्यवस्था गावातील घरांत होऊ लागली. अंडी विकण्यापेक्षा पिल्लू समुद्रात सोडणे गावाला अधिक मानाचे आणि हिताचे ठरले. त्यासाठी बाहेरून पहारेकरी आणावे लागले नाहीत.

१४/
मालवणला असे वळण २०११ नंतर मिळू लागले. केंद्र व राज्य शासन, संयुक्त राष्ट्रे विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी प्रकल्प सुरू झाला. २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात कांदळवन कक्ष स्थापन झाला. या काळात भर होता तो उपजीविकेवर. ट्रॉल जाळ्यांना चौकोनी आस लावून लहान मासळी निसटू देणे, खेकडा व कालवे यांचे संवर्धन, आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ महिला बचत गटाने चालवलेली कांदळवन सफर ही त्यातील उदाहरणे. ‘अभयारण्य’ हा शब्द मागे ठेवून, समुद्र निरोगी राहिला तर घर कसे चालेल, या प्रश्नापासून बोलणे सुरू झाले.

१५/
याच टप्प्यावर स्कूबा डायव्हिंग मालवणच्या कथेत ठळकपणे येते. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकाराने स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग व डायव्हिंगचे प्रशिक्षण मिळाले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली. ज्यांच्या आजोबांनी जाळ्याच्या दोरीतून तळ ओळखला होता, त्या घरांतील मुले तोच तळ आता डोळ्यांनी पाहू लागली. खडप म्हणजे जाळे फाडणारा दगड नव्हे, तो जिवंत आहे आणि माशांची पिल्ले त्याच्याच आडोशाला वाढतात, ही गोष्ट पत्रकातून पटणे कठीण होते. मुखवटा लावून खाली पाहिल्यावर ती पटवण्याची गरज उरत नाही.

१६/
प्रवाळ म्हणजे काय, हे येथे थोडक्यात. तो सूक्ष्म प्राण्यांचा समूह असतो. प्रत्येक प्राणी आपल्या तळाशी चुन्याचे घर बांधतो आणि त्याच्या पेशींत राहणारे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला देते. पाणी फार तापले की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. उष्णता लांबली तर तो मरतो. मालवणलाही हे विरंजन नोंदले गेले आहे. येथील प्रवाळ प्रामुख्याने खडकावर थर धरणारे किंवा घुमटाकार असतात. घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वा त्याहून कमी वाढतो. म्हणजे हाताच्या ओंजळीएवढा घुमट हा दोन दशकांचा ऐवज असू शकतो.

१७/
अशा ठिकाणी स्वयंसेवक पाणबुड्याचे काम कोणते? पहिले, नोंद: मोजपट्टी, पाण्यात लिहिता येणारी पाटी आणि छायाचित्रे. दुसरे, सफाई. तुटलेली नायलॉनची जाळी खडकांवर अडकून वर्षानुवर्षे मासे, खेकडे आणि कासवे पकडत राहते, कारण नायलॉन कुजत नाही. जाळे ओढून काढले तर प्रवाळही उपटून येतो, म्हणून ते तुकड्यातुकड्याने कापावे लागते आणि हे हळू काम हवेच्या मर्यादित साठ्यावर करावे लागते. तिसरे, पुनर्रोपण: तुटलेले जिवंत तुकडे सिमेंटच्या साच्यांवर बसवून पुन्हा वाढवणे. मालवणला हा प्रयोग झाला आहे. या तिन्ही कामांत पायाच्या पंखांवर ताबा नसलेला माणूस उपयोगापेक्षा अपायच अधिक करतो.

१८/
येथे कथेला दुसरी बाजू येते. डायव्हिंगने उपजीविका दिली आणि पर्यटकांची रीघ लागली. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे तळाशी नेता येते. छायाचित्रासाठी पर्यटक प्रवाळाला धरतो, त्यावर उभा राहतो. होडीचा नांगर आणि शिडी त्याच खडकावर टेकते. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांना प्रत्यक्ष इजा होत असल्याचे शोधनिबंधातून मांडले. ज्या साधनाने तळाचे रक्षक घडवले, तेच साधन तळाला जखमा करीत होते. कुस्तोच्या चित्रपटातील सुरुंगाची आठवण व्हावी, अशी ही स्थिती होती. फरक एवढाच की येथे हानी गोंगाटाशिवाय, एकेका पावलाने होते.

१९/
या पेचाला सोपे उत्तर नाही. डायव्हिंग थांबवले तर तरुणांचा रोजगार जातो, आणि १९८७ मधील अविश्वास पुन्हा जागा होतो. मोकाट सोडले तर जे दाखवायचे तेच उरत नाही. उपाय माहीत आहेत: नांगराऐवजी कायमचे बोये, एका जागी एका वेळी किती माणसे याची मर्यादा, स्थळांना आळीपाळीने विश्रांती, प्रशिक्षित मार्गदर्शक. आणखी एक मार्ग कृत्रिम भित्तीचा आहे. २०२४ मध्ये सेवानिवृत्त झालेली नौदलाची ‘गुलदार’ ही नौका निवतीच्या समुद्रात तळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना याच विचाराची आहे. पर्यटक जहाजाकडे वळला तर जिवंत खडकाला उसंत मिळेल, अशी त्यामागील अपेक्षा.

२०/
टाकी न बांधणारे स्वयंसेवकही येथे मोजले पाहिजेत. २०१८ च्या डिसेंबरपासून राज्यात एक योजना आहे. जाळ्यात कासव, देवमासा किंवा व्हेल शार्क यांसारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर छायाचित्र वा चित्रफितीच्या पुराव्यावर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळे कापणे म्हणजे आपल्या हाताने आपले भांडवल कापणे होय. योजना त्या कृतीची किंमत ओळखते. आज्ञापत्रातील मोबदल्याचे तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत परतलेले दिसते. आणि हा निर्णय भर समुद्रात, कोणी पाहत नसताना, काही क्षणांत घ्यायचा असतो.

२१/
आता लातूरकडे वळण्याचे कारण. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पोहोचली. १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. पुढे वाघिणींची संख्या ५० झाली. त्याच दिवसांत ‘जलयुक्त लातूर’ या नावाने लोकचळवळ उभी राहिली. वर्गणी जमली आणि साई-नागझरी परिसरातील मांजरेच्या पात्रातील गाळ उपसला गेला. नदी वाहत होती तेव्हा तिचा तळ कोणी पाहिला नव्हता. ती आटली आणि किती गाळ साचला आहे हे उघड्या डोळ्यांना दिसले. मालवणात तळ दिसला तो टाकीच्या साहाय्याने, लातुरात तो दुष्काळाने दाखवला.

२२/
या दोन्ही प्रसंगांत एक साम्य आहे. दिसल्यावाचून जबाबदारी जागी होत नाही. पण दिसणे पुरेसेही नाही. पाणी परतले की तळ पुन्हा झाकला जातो. मालवणचा पर्यटक किनाऱ्यावर येताच तळ विसरू शकतो, आणि लातूरकरही भरलेल्या धरणाकडे पाहून गाळ विसरू शकतो. म्हणून संकट टळल्यावरही नोंद ठेवणाऱ्या माणसांची गरज असते. नांदेडला गोदावरीच्या घाटांवर बुडणाऱ्यांना वाचवणारे जीवरक्षक आहेत. पाण्यात उतरण्याचे धैर्य आणि कौशल्य मराठवाड्यात आहेच. त्या कौशल्याला नदीच्या तळाच्या नोंदीची जोड देता येईल.

२३/
भूगोलही हे नाते दाखवतो. मांजरा लातूरहून वळसा घेत तेलंगणातील कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. गोदावरी नांदेडवरून तेथवर आलेली असते. पुढे ती आंध्रात बंगालच्या उपसागरास मिळते, जेथे तिच्या मुखाशी कोरिंगाचे विस्तीर्ण कांदळवन आहे. त्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले कासवे येतात. नांदेडच्या घाटावरून पाण्यात गेलेली प्लास्टिकची पिशवी बांधाऱ्यांत अडकली नाही, तर तिचा प्रवास त्या समुद्राकडेच असतो. समुद्र नसलेल्या प्रदेशातील माणसालाही समुद्राचे रक्षण करता येते, आणि त्यासाठी पहिली बुडी स्वतःच्या गावाच्या नदीत घ्यावी लागते.

२४/
मालवणला जाऊन स्वयंसेवक पाणबुडा होण्याची इच्छा असलेल्या तरुणाने उतरण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. नांगर कोठे टाकला जातो? मार्गदर्शक स्थानिक आणि प्रशिक्षित आहे का? जमवलेल्या नोंदी कोणाकडे जातात आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा कोणी मोजणार आहे का? पाण्यात तरंगण्याचा तोल साधला आहे का, की अजून तलावात सराव हवा? आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या खडपावर आपण उतरत आहोत, तेथे जाळे टाकणाऱ्या घरांशी कोणी बोलले आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते काम १९८७ च्या वळणावरच उभे आहे असे समजावे.

२५/
कोकणपट्टीपासून शंभर किलोमीटरहून दूर, खोल समुद्रात ‘आंग्रिया बँक’ नावाची बुडालेली प्रवाळभित्ती आहे. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव धारण करणारी. डिसेंबर २०१९ मध्ये तेथे शास्त्रज्ञ-पाणबुड्यांची मोहीम गेली. तिच्या संरक्षणाची चौकट ठरवताना मालवणचा अनुभव हाताशी आहे: अधिसूचनेने सीमा ठरते, डायव्हिंगने तळ दिसतो, पण राखण होते ती त्या पाण्यावर जगणाऱ्यांच्या संमतीने. सिंधुदुर्गाच्या तटावर पहारा देणारे कधीकाळी याच किनाऱ्यावरचे होते. तटाखालच्या वस्तीचे पहारेकरीही तेथूनच यावे लागतील, आणि मराठवाड्यातून जाणाऱ्या स्वयंसेवकाने त्यांच्या हाताखाली काम शिकावे.

थ्रेड समाप्त. मांजरा-गोदावरीच्या घाटांविषयी, जुन्या बारवांविषयी किंवा नदीवरच्या नावाड्यांविषयी आपल्या गावातील कोणाकडे आठवणी असतील, तर त्या लिहून ठेवाव्यात. तळाचा इतिहास बहुधा असाच हाती येतो.